एका पानावर सहा

सेमिस्टरची परीक्षा आठवड्यावर आली की राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानांतली गर्दी पायऱ्या उतरून गल्लीत येते. ‘काका, सिक्स इन वन मारा, बॅक टू बॅक,’ म्हणत एक पोरगं पेन ड्राइव्ह पुढं करतं. ‘कलर?’ ‘नको ओ, ब्लॅक अँड व्हाइटच. बारा सेट.’ काका फाइल उघडतात, प्रिंटच्या खिडकीत दोन-तीन ठिकाणी टिचकी मारतात आणि मशीन सुरू होतं. एका पानावर सहा स्लाइड, पाठपोट मिळून बारा. साठ स्लाइडचं युनिट पाच कागदांत बसतं. कडेला दोन पिना मारल्या की सरांचं तीन-चार तासांचं शिकवणं बॅगेत जातं. त्या पोराच्या खोलीवर कॉम्प्युटर आहे की नाही, असला तर त्यात पॉवरपॉइंट आहे की नाही, याची चौकशी कुणी करत नाही.

ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअरच नाही त्यांना व्याख्यानाच्या स्लाइड द्यायच्या कशा, हा प्रश्न १९९० नंतर जगभरच्या शिक्षकांना पडला. कंपन्यांनी त्यावर तोडगे काढले, विद्यापीठांनी योजना आखल्या. कोल्हापुरात मात्र उत्तर बहुतेक वेळा विद्यापीठाच्या माळावर सापडलं नाही. ते खालच्या गल्ल्यांत सापडलं. माळावर शिकवायचं आणि गल्लीत वाटायचं, अशी ही वाटणी आहे. ती कुणी ठरवून केली नाही, आणि ती स्लाइडच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

राजारामपुरी ही छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली (१९२२–४०) वसाहत. जुन्या शहरातल्या पेठांना नावं आहेत, त्यांच्या तालमींना इतिहास आहे. इथल्या गल्ल्यांना नुसते आकडे. ‘आठव्या गल्लीत’ म्हटलं की पत्ता पुरा होतो. वि. स. खांडेकर इथेच राहिले. उतारवयात दृष्टी गेल्यावर त्यांनी आपलं लेखन लेखनिकांना सांगून लिहवून घेतलं. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं उतरून घ्यायचं, ही रीत या भागातल्या विद्यार्थ्यांच्या तर रोजच्या अंगवळणी पडलेली होती.

विद्यार्थी ही कोल्हापूरला नवी गोष्ट नव्हे. राजाराम कॉलेज १८८० सालचं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिलं आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुस्लिम, दलित, शिंपी, दैवज्ञ अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातलं पोर शहरात शिकायला येणार, त्याच्याजवळ पुस्तकाला पैसे नसणार, हे गृहीत धरूनच इथली शिक्षणाची व्यवस्था वाढली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं, डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. तेव्हा ३४ महाविद्यालयं आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी होते. कार्यक्षेत्र मात्र कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी असं अफाट. (सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता, सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ व्हायला २००४ साल उजाडलं.) या सगळ्या मुलखातून आलेली पोरं स्टँडवर किंवा स्टेशनवर उतरायची आणि राजारामपुरी, टाकाळा, प्रतिभानगर, सागरमाळ अशा विद्यापीठाच्या वाटेवरच्या भागांत खोली शोधायची. कॉट बेसिसवर राहायचं, खानावळीत जेवायचं, सकाळी चढ चढून वर जायचं. याच वाटेवर १९७६ साली डॉ. ए. डी. शिंदे यांनी व्यवस्थापन शिक्षणाची संस्था काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सायबर चौक’ झाला, इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी.

या पोरांच्या हाती काय लागायचं? वही आणि पेन. प्राध्यापक पिवळी पडलेली टिपणं काढून सांगत, पोरं उतरून घेत. ज्याचा तास बुडाला तो मित्राच्या वहीवरून उतरून काढी. चांगलं अक्षर ही तेव्हा वर्गातली मोठी मालमत्ता होती, आणि ती वही परीक्षेच्या तोंडावर किती खोल्या फिरून परत येईल, की येणारच नाही, याचा भरवसा नसे.

मग सायक्लोस्टाइल आलं. यंत्र जुनंच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं: लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर आणि अमेरिकेत एडिसनच्या पेटंटवर ए. बी. डिक यांनी ते बाजारात आणलं. विद्यार्थ्यांच्या वाट्याला मात्र ते टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलं. मेणाचा स्टेन्सिल कागद टाइपरायटरला चढवायचा, फीत बाजूला सारायची आणि नुसता खिळा आपटायचा, म्हणजे ठसा मेणातून आरपार जातो. जोरात आपटलं तर इंग्रजी ‘ओ’चं पोट गळून पडे आणि छापताना तिथे काळा ठिपका येई. चूक झाली की नेलपॉलिशसारखा लाल द्रव लावायचा, फुंकर मारून वाळवायचा आणि त्यावर पुन्हा खिळा मारायचा. आकृती असेल तर स्टेन्सिल काचेवर ठेवून टोकदार लेखणीनं कोरायची. हात जरा जड पडला की कागद फाटला. मग तो ड्रमवर गुंडाळून हँडल फिरवायचं. एका स्टेन्सिलमधून काहीशे प्रती सहज निघत. पहिल्या दहा-वीस फार काळ्या, शेवटच्या फार फिक्या.

मराठी साहित्याला या यंत्राची चांगली ओळख आहे. १९५०च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या मंडळींनी काढलेलं ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलच होतं. पुढे आणीबाणीत भूमिगतांची पत्रकं अशाच ड्रमांवरून निघाली. शिक्षणातला त्याचा वापर इतका रोमहर्षक नव्हता, म्हणून त्याची नोंद कुणी ठेवली नाही. पण एक गोष्ट तिथे पहिल्यांदा घडली. वर्गात बोललेलं एकदम शंभर जणांच्या हातात, एकाच रूपात, कुणी उतरून न घेता पडू लागलं. घेणाऱ्याकडे यंत्र असण्याची गरज नव्हती. यंत्र एकाकडे असलं की पुरे.

हे सूत्र ध्यानात ठेवलं पाहिजे. पुढच्या चाळीस वर्षांत तंत्र बदलत गेलं तसतसं ते पुन्हा पुन्हा मोडलं आणि दर वेळी गल्लीनं ते पुन्हा जुळवलं.

झेरॉक्सनं ते पक्कं केलं. चेस्टर कार्लसननं कोरड्या छपाईचा पहिला ठसा १९३८ साली उमटवला, झेरॉक्स कंपनीचं गाजलेलं ‘९१४’ यंत्र १९५९चं. भारतात मोदी झेरॉक्स ही कंपनी १९८३ मध्ये उभी राहिली, आणि योगायोग असा की महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं तेही त्याच वर्षी. कोल्हापुरात गोकुळ शिरगावचं केआयटी १९८३चं, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील इंजिनिअरिंग त्याच्या पुढच्या वर्षीचं. इंजिनिअरिंगची पुस्तकं महाग, इंग्रजीतली आणि जाडजूड. वर्गात साठ पोरं आणि लायब्ररीत चार प्रती, अशा स्थितीत फोटोकॉपीचं यंत्र टाकणाऱ्याचा धंदा चालणारच. बाहेरून आलेली रीकंडिशन मशीनं स्वस्त पडू लागली तशा ‘झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, स्पायरल’ अशा पाट्या गल्लोगल्ली लागल्या.

दुकानदार नुसता कागद काढून देत नसे; तो साठाही ठेवू लागला. अमक्या विषयाच्या टॉपरच्या नोट्स, तमक्या सरांची क्वेश्चन बँक, मागच्या पाच वर्षांचे पेपर. ओरिजिनल प्रत त्याच्या ड्रॉवरमध्ये, आणि विषयाचं नाव घेतलं की हात बरोबर तिकडे जाई. विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाशी या ड्रॉवरची तुलना करणं ग्रंथपालांना रुचणार नाही, पण परीक्षेच्या आदल्या रात्री उघडं असणारं ग्रंथालय हेच होतं. याला काळी बाजूही होती. कॉपीसाठी नोट्स बारीक करून काढण्याचं ‘मायक्रो झेरॉक्स’ इतकं फोफावलं की दहावी-बारावीच्या परीक्षेत केंद्राच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायचे आदेश दरवर्षी निघू लागले.

इथवर पडदा कुठेच नव्हता. महाराष्ट्राला खरं तर स्लाइडचं वावडं नाही. कल्याणचे महादेव पटवर्धन आणि त्यांचे पुत्र १८९०च्या दशकात काचेवर हातानं रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर पाडून रामायणातल्या कथा दाखवत. त्या खेळाचं नाव ‘शांबरिक खरोलिका’. कोल्हापूरनं तर बाबूराव पेंटरांच्या हातून सिनेमाचा कॅमेराच घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. शिकवण्यासाठी मात्र पडदा फार उशिरा आला, आणि आला तो आधी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या रूपानं: खाली दिवा, वर आरसा, मधे प्लॅस्टिकची पारदर्शिका. त्या पारदर्शिकेवर मार्करनं लिहिलेलं असे किंवा झेरॉक्स मशीनवरून उमटवलेलं. विद्यार्थ्यांना ती हवी झाली तर ती पांढऱ्या कागदावर ठेवून झेरॉक्स काढायची. काही अडलं नाही.

गंमत म्हणजे पॉवरपॉइंट हे मुळात अशा पारदर्शिका छापण्यासाठीच जन्मलं. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचं हे सॉफ्टवेअर एप्रिल १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आलं आणि काही महिन्यांतच मायक्रोसॉफ्टनं ते १.४ कोटी डॉलरला विकत घेतलं. पहिली आवृत्ती कृष्णधवल पानं छापून देई. ती पारदर्शक कागदावर काढायची आणि प्रोजेक्टरवर ठेवायची. विंडोजवर ते १९९० मध्ये आलं. कॉम्प्युटर थेट पडद्याला जोडून दाखवणं सर्रास झालं ते एलसीडी प्रोजेक्टर परवडू लागल्यावर. तिथे कागद मधून निघून गेला आणि गोची झाली. सरांनी दाखवलेली गोष्ट आता फक्त सरांच्या फाइलमध्ये होती, आणि ती फाइल उघडायला सरांकडचंच सॉफ्टवेअर हवं होतं.

कोल्हापुरात हे घडलं साधारण २००० नंतर. त्यामागे अध्यापनाचा उत्साह होता, तसं ‘नॅक’ही होतं. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या मूल्यांकन संस्थेच्या समित्या कॉलेजांत येऊ लागल्या आणि नव्या तंत्राचा वापर किती, हा रकाना भरणं भाग पडलं. प्रोजेक्टर घेतले गेले, एका खोलीला पडदे लागले, तिचं नाव ‘ई-क्लासरूम’ झालं. समिती गेल्यावर त्या खोलीचं कुलूप किती वेळा निघालं, हा वेगळा विषय. पण जे शिक्षक मनापासून पीपीटी करू लागले त्यांच्यापुढे प्रश्न लगेच उभा राहिला: ‘सर, पीपीटी मिळेल का?’

द्यायची कशी? सीडीवर टाकून किंवा पेन ड्राइव्हवर. पण उघडायची कुठे? मायक्रोसॉफ्टनं फुकटचा ‘पॉवरपॉइंट व्ह्यूअर’ काढला होता, त्यानं फाइल नुसती पाहता येई. जुन्या आवृत्तीत ‘पॅक अँड गो’ आणि २००३च्या आवृत्तीत ‘पॅकेज फॉर सीडी’ अशा सोयी होत्या. त्या फाइलसोबत व्ह्यूअरही बांधून देत. शिक्षकांपैकी कितीजणांनी मेनूत इतकं खोल जाऊन पाहिलं असेल, सांगवत नाही. लोकांपर्यंत त्यातली एकच गोष्ट पोचली, ती म्हणजे थेट खेळ सुरू करणारी ‘पीपीएस’ फाइल. तिचा उपयोग मुख्यतः सूर्योदयाच्या चित्रांवर सुविचार लिहून ई-मेलनं पाठवण्यासाठी झाला.

मग २००७ आलं. नव्या ऑफिसनं फाइलचा साचाच बदलला, ‘पीपीटी’च्या पुढे एक ‘एक्स’ लागला. घरी नवं ऑफिस असलेले सर रात्री जागून स्लाइड करायचे, सकाळी डिपार्टमेंटच्या २००३वाल्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावायचे, आणि फाइल उघडायची नाही. त्यासाठी ‘कम्पॅटिबिलिटी पॅक’ उतरवून घ्यावा लागे. ही अडचण आता विद्यार्थ्याची राहिली नव्हती. शिक्षकच त्या रांगेत येऊन उभा राहिला.

मराठीत शिकवणाऱ्याचे हाल आणखी. इंग्रजी फाइल निदान उघडली की वाचता तरी येई. मराठी, इतिहास, समाजशास्त्र शिकवणारे प्राध्यापक मजकूर टाइप करून घेत तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’त, ‘आकृती’त किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’मध्ये. या सगळ्या फाँटांची आतली रचना वेगवेगळी. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले: काना एका कळीवर, अर्धा ‘श’ दुसऱ्या कळीवर. जिथे तो फाँट नाही तिथे ‘छत्रपती शाहू महाराजांचे शैक्षणिक कार्य’ या शीर्षकाच्या जागी स्वल्पविराम, डॉलर, उद्गारचिन्हं आणि उच्चार न करता येणारी युरोपीय अक्षरं अशी मिरवणूक निघे. युनिकोड १९९१पासून होतं, विंडोज २०००मध्ये देवनागरीची सोयही आली होती. पण विंडोज एक्सपीवर ती वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी घालावी लागे. ती सीडी जोडून घेतलेल्या पीसीच्या मालकाकडे असेलच कशाला?

या घोळात राजारामपुरीतल्या दुकानाचं महत्त्व वाढलं. डीटीपीचं काम करणाऱ्याकडे सगळे फाँट असत, कारण लग्नपत्रिकेपासून संघाच्या अहवालापर्यंत सगळं त्याच टेबलावर होई. त्याच्याकडे ऑफिसची जुनी-नवी दोन्ही रूपं असत. जी फाइल डिपार्टमेंटमध्ये उघडली नाही ती इथे उघडे. उघडली की तिचं पहिलं रूपांतर कागदात होई, कारण गिऱ्हाइकाला कागदच हवा असे.

स्लाइड कागदावर उतरल्या तेव्हा त्यांचं खरं रूप दिसलं. पडद्यासाठी म्हणून निळ्याशार पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, हा त्या काळातला लाडका थाट. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये निळा होई काळा आणि पिवळा होई करडा. टोनर संपे आणि वाचता काही येत नसे. हुशार दुकानदार प्रिंटच्या खिडकीत ‘प्युअर ब्लॅक अँड व्हाइट’ निवडत. मग पार्श्वभूमी उडून जाई आणि पांढऱ्यावर काळं उरे. ॲनिमेशनचं दुखणं वेगळं. पडद्यावर एकामागून एक उडत येणारी चार चित्रं कागदावर एकमेकांच्या उरावर बसत, आणि त्या ढिगातून हृदयाचे कप्पे किंवा ट्रान्झिस्टरची जोडणी ओळखणं हीच एक परीक्षा होऊन बसे. आकृतीतली बारीक अक्षरं सहाच्या चौकटीत मुंगीएवढी होत. तरीही सहाच. चार घेतले तर पैसे जास्त.

आणि मग एक उलटी गोष्ट घडली, ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी. पोरं स्लाइड पाहत नाहीत, वाचतात, त्यांचा कागद करून परीक्षेत लिहितात, हे शिक्षकांच्या लक्षात आलं. मग त्यांनी स्लाइडमध्ये मुद्द्यांऐवजी उतारे भरायला सुरुवात केली. पडद्यावर पंधरा ओळी, आणि सर त्या वाचून दाखवताहेत. बाहेरचे तज्ज्ञ याला नावं ठेवतात, स्लाइडवर सहाच ओळी असाव्यात म्हणून कार्यशाळा घेतात. त्यांचं तत्त्व बरोबर आहे, पण ते पडद्याबद्दल बोलताहेत. गडहिंग्लज किंवा मलकापूरच्या ज्या पोराकडे दुसरं पुस्तक नाही, त्याला सहा ओळींचा सांगाडा देऊन त्यानं काय करायचं? इथली जाडी स्लाइड ही अज्ञानातून आलेली नाही, ती गल्लीतल्या मशीनकडे पाहून लिहिलेली आहे.

सांगाड्याचा धोका जगानं मोठी किंमत मोजून पाहिला आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळलं आणि कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता, त्याचं विश्लेषण वरिष्ठांना स्लाइडवर दिलं गेलं आणि महत्त्वाची शंका मुद्द्यांच्या उतरंडीत तळाशी राहिली. चौकशी मंडळानं आपल्या अहवालात तांत्रिक निबंधाऐवजी स्लाइड वापरण्याच्या या सवयीवर थेट बोट ठेवलं. एडवर्ड टफ्टी यांची पॉवरपॉइंटवरची प्रसिद्ध टीकाही त्याच वर्षीची.

इकडे गल्लीतल्या गठ्ठ्यांत कॉम्प्युटर शाखेच्या पोरांना एक ओळखीचा पाहुणा भेटे, डायनासोर. सिल्बरशात्झ, गॅल्विन आणि गॅग्ने यांच्या ‘ऑपरेटिंग सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर डायनासोर असतात आणि लेखकांनी शिक्षकांसाठी खुल्या केलेल्या स्लाइडवरही ते फिरत असतात. भारतभरच्या वर्गांत त्या स्लाइड जशाच्या तशा दाखवल्या गेल्या. ‘माझ्या नोट्स’ म्हणून मिळालेल्या गठ्ठ्यात खाली लेखकांची नावं आणि कोपऱ्यात डायनासोर पाहून पोरं गालातल्या गालात हसत.

मोफत सॉफ्टवेअरचा रस्ता नव्हता असं नाही. ओपनऑफिस २००२पासून पूर्ण रूपात होतं, पीपीटी उघडत होतं, आणि २००३च्या १.१ आवृत्तीपासून एका बटणावर पीडीएफ करून देत होतं. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००७ला त्याच कामासाठी वेगळा तुकडा उतरवून घ्यावा लागे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानं तर लिबरऑफिस इम्प्रेस वापरायचं कसं, याचे धडे मराठीतही तयार केले. इतकं असून ते राजारामपुरीत रुजलं नाही. कारण उघड आहे आणि थोडं अवघड जागेचं आहे: मायक्रोसॉफ्टचं ऑफिस इथे आधीच फुकट होतं. पीसी जोडून घेतला की त्यात विंडोज आणि ऑफिस ‘टाकून’ मिळे. फुकटाशी फुकटानं स्पर्धा केली तर जुनं फुकट जिंकतं.

पीडीएफ जिंकलं ते दुसऱ्या वाटेनं. ॲडोबीनं ते १९९३ मध्ये आणलं तेव्हा वाचायचा रीडरसुद्धा विकत होता. थोड्याच दिवसांत तो फुकट केला आणि तिथे बाजी पलटली. फाँट फाइलच्या पोटात, पान जसं केलं तसं. श्री-लिपीतला मजकूरही न सांडता न फुटता जाई. तरी कोल्हापुरात २०१५पर्यंत पीडीएफ ही मुख्यतः दुकानदाराच्या आणि प्रिंटिंग प्रेसच्या कामाची गोष्ट होती. सर्वसामान्य विद्यार्थ्याकडे ती वाचायला कॉम्प्युटर कुठे होता? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या फेरीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्क्यांकडे आणि शहरी घरांपैकी २३.४ टक्क्यांकडे कॉम्प्युटर सापडला.

चित्र पालटलं ते २०१६ या एकाच वर्षात. मार्चमध्ये व्हॉट्सॲपवरून कागदपत्रं पाठवायची सोय आली, आणि सुरुवातीला ती फक्त पीडीएफची होती. पीपीटी त्यातून जातच नव्हती. ५ सप्टेंबरला, नेमकी शिक्षकदिनी, जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. त्यानंतर अकरा दिवसांनी दिल्ली उच्च न्यायालयात न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांचा दावा फेटाळला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं ‘रामेश्वरी’ हे फोटोकॉपीचं दुकान अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे गठ्ठे बांधून विकत होतं, त्याविरुद्ध हा दावा २०१२पासून चालू होता. शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसते, असं न्यायालयानं म्हटलं. राजारामपुरीतल्या कुणा काकांनी हा निकाल वाचला असेल असं वाटत नाही. पण त्यांच्या ड्रॉवरबद्दल इतकं सविस्तर कुणी पहिल्यांदाच बोललं होतं.

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, वर्गप्रतिनिधी म्हणजे ‘सीआर’ त्याचा ॲडमिन झाला. सर पीपीटी देत पेन ड्राइव्हवर, सीआर ती दुकानात पीडीएफ करून घेई आणि ग्रुपवर टाकी. गल्ली अजून मधे होती.

ती नाहीशी झाली मार्च २०२० मध्ये. टाळेबंदीत दुकानांची शटर खाली आली, खोल्या रिकाम्या झाल्या, पोरं गावी गेली. चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याच्या डोंगरकपारीत रेंज शोधत पोरं टेकड्या चढू लागली. शेजारच्या सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीनं डोंगरावर झोपडी करून अभ्यास चालवल्याची बातमी तेव्हा देशभर गाजली. गुगल मीटवर सर स्लाइड दाखवत, आणि पोरांच्या फोनवर त्या अर्ध्या येऊन थांबत. आजवर वाटण्याचं काम गल्लीनं केलं होतं, ते आता शिक्षकांना स्वतः करावं लागलं. साठीकडे झुकलेल्या प्राध्यापकांनी मुलांना-सुनांना विचारून पीडीएफ करायला शिकून घेतलं, फाइल जड झाली तर चित्रं हलकी करायला शिकून घेतलं, सोबत दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं. उलट दिशेनं पोरं वहीची पानं ‘कॅमस्कॅनर’नं टिपून पाठवू लागली, आणि सगळ्यांचा हात बसतो न बसतो तोच २९ जून २०२० रोजी ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यात कॅमस्कॅनरही गेलं.

आता दुकानं पुन्हा गजबजली आहेत. काउंटरवर क्यूआर कोडशेजारी व्हॉट्सॲपचा नंबर लिहिलेला असतो. फाइल पाठवायची, येताना प्रिंट घेऊन जायचं. पेन ड्राइव्ह मागे पडले, त्यांच्यासोबत फिरणारे व्हायरसही. मायक्रोसॉफ्टनं आपला तो फुकटचा व्ह्यूअर २०१८ मध्येच बंद केला, आणि कोल्हापुरात त्याची उणीव कुणाला भासली नाही. फोनमध्ये सगळं असूनही परीक्षेच्या आठवड्यात कागदाची मागणी कमी होत नाही. स्लाइडवर पेन्सिलीनं खूण करता येते, शिवाय फोन हातात घेतला की अभ्यास सोडून बाकी सगळं होतं, हे पोरांना आईबापांपेक्षा चांगलं ठाऊक आहे.

दर वर्षी नवा वर्ग आला की नवा ग्रुप होतो. पहिल्या आठवड्यात नव्यानं रुजू झालेले कुणी सर हौसेनं ४० एमबीची पीपीटीएक्स त्यावर टाकतात. खुणा निळ्या होतात, कुणी काही बोलत नाही. मग खाली एक मेसेज येतो: ‘सर, ओपन होत नाही. पीडीएफ टाका ना प्लीज.’